झाकीर साहेबांचं घर बघायला जायचंय

यंदा ८ फेब्रुवारीला आम्ही शाळेची पोरं घेऊन बोदलकसाला गेलो होतो. तिरोडा तालुक्यातला हा इंग्रजांच्या काळातला जुना तलाव, मागे टेकड्या, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. थंडीत इथे बाहेरून पक्षी येतात, ते दाखवायचे आणि दुपारी झाडाखाली जेवायचं, एवढाच बेत. जेवणं झाल्यावर पोरं सुस्तावली, तेव्हा वेळ काढायला म्हणून आम्ही सामान्यज्ञानाचे प्रश्न काढले. भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती कोण, असं विचारलं. एका सुरात उत्तर आलं, अब्दुल कलाम. चूक. कलाम साहेब तिसरे. पहिले डॉ. झाकीर हुसेन, दुसरे फखरुद्दीन अली अहमद. झाकीर हुसेन म्हटल्यावर एक पोरगा लगेच मांडीवर तबला वाजवू लागला, आणि सगळे हसले. त्याचा दोष नाही. हे नाव मोबाईलवर टाकलं की आधी तबल्याचे उस्तादच समोर येतात.

आम्हाला मात्र हसू आलं नाही, कारण तारीख ८ फेब्रुवारी होती. १८९७ साली याच दिवशी झाकीर साहेबांचा जन्म झाला. आणि खरं सांगायचं तर आमचं ज्ञानसुद्धा पोरांपेक्षा फार पुढचं नव्हतं. बी.एड.ला वर्धा शिक्षण योजना आम्ही घोकून पाठ केली होती, पाच मार्कांची टीप म्हणून. समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन, हे एक वाक्य लिहून पुढे गेलो होतो. तो माणूस कोण होता, कुठून आला, वर्ध्याला का आला, हे विचारायची गरज वाटली नव्हती.

मग आठवीतल्या एका मुलीने विचारलं की कलाम साहेबांचं घर रामेश्वरमला जपून ठेवलंय, तिथे लोक बघायला जातात, तसं यांचं घर कुठे आहे. प्रश्न साधा होता, पण उत्तर एका गावात मावत नव्हतं. या माणसाचा जन्म हैदराबादचा, मूळ गाव उत्तर प्रदेशातलं, शिक्षण अलीगढ आणि बर्लिनचं, उमेदीची वर्षं दिल्लीत एका फाटक्या शाळेत गेली, आणि मृत्यू झाला तो तीनशे चाळीस खोल्यांच्या राष्ट्रपती भवनात. त्या तलावाच्या काठावरच ठरलं की एकदा पोरांना घेऊन झाकीर साहेबांच्या वाटेने जायचं. त्या तयारीसाठी आम्ही जे वाचलं, जमवलं, ते इथे वाचकांपुढे ठेवतोय.

झाकीर साहेबांचं घराणं आफ्रिदी पठाणांचं. फर्रुखाबाद जिल्ह्यातलं कायमगंज हे त्यांचं गाव. वडील फिदा हुसेन खान नशीब काढायला हैदराबादला गेले, वकिली केली, कायद्याची पुस्तकं छापली, चांगला पैसा मिळवला. सात मुलगे, त्यांतले झाकीर तिसरे. घरात शिकवणीला इंग्रजी जाणणारा मास्तर येत असे. पण १९०७ साली वडील क्षयाने गेले. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी. झाकीर दहा वर्षांचे. वालिदा नाजनीन बेगम सगळ्या पोरांना घेऊन कायमगंजला परतल्या.

या बाईंबद्दल फार कमी लिहिलं गेलंय, आणि आम्हाला तेच जास्त खटकतं. विधवा बाई, पदरात मुलगेच मुलगे, जमाना १९०७ चा. पोरांना शेतीवाडीकडे लावून घरी ठेवता आलं असतं. तिने त्यांना इटावाच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात पाठवलं. चार वर्षांनी, १९११ साली, कायमगंजमध्ये प्लेग आला आणि ती त्यात गेली. झाकीर तेव्हा इटावालाच होते, वय चौदा. आई नाही, बाप नाही, आणि पुढे काही भाऊही तरुणपणीच गेले. आमच्या वर्गातही आई-बाप नसलेली दोन मुलं आहेत, मामाकडे राहतात. झाकीर साहेबांची गोष्ट सांगताना या ठिकाणी आम्ही जरा जास्त वेळ थांबतो.

इटावाच्या शाळेत हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन होते. शिस्तीचे, नमाजाचे पाबंद आणि पोरांवर जीव लावणारे. जगात तेव्हा त्रिपोली आणि बाल्कनच्या लढाया चालू होत्या, तुर्कस्तानाची बातमी कळावी म्हणून हा पोरगा वर्तमानपत्र आणायला स्टेशनवर जायचा आणि येऊन सगळ्यांना वाचून दाखवायचा. सुट्टीत गावी गेला की हसन शाह नावाच्या एका सूफी बुजुर्गांच्या सहवासात बसायचा. या फकिराला पुस्तकांचं वेड, दुर्मीळ किताबें सापडली की तो झाकीरकडून हाताने नकलून घ्यायचा. झाकीर साहेबांचं अक्षर पुढे नावाजलं गेलं, त्याचं मूळ इथे असावं असं आम्हाला वाटतं.

१९१३ ला ते अलीगढला आले. डॉक्टर व्हायचं म्हणून मध्ये लखनौला विज्ञान शिकायला गेले, आजारी पडले, परत अलीगढला येऊन बी.ए. केलं, मग एम.ए. आणि कायदा. १९१५ मध्ये शाहजहाँ बेगम यांच्याशी निकाह झाला होता. हुशार, वादविवादात पटाईत, प्रोफेसरांचा लाडका. सगळं सरळ चाललं असतं तर सरकारी नोकरी ठरलेली होती.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. खिलाफत आणि असहकाराचे दिवस. सरकारी अनुदानावर चालणारी कॉलेजं सोडा, असं आवाहन त्यांनी केलं. कॉलेजात दोन तट पडले, टिंगलही झाली. झाकीर तेव्हा विद्यार्थी होते आणि थोडं शिकवतही होते. त्यांनी कॉलेज सोडायचं ठरवलं, पण नुसतं सोडून घरी बसायचं नाही, आपली स्वतःची शाळा काढायची, असा हट्ट धरला. २९ ऑक्टोबर १९२० ला अलीगढलाच जामिया मिलिया इस्लामियाची सुरुवात झाली. पाया घातला देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांनी. हकीम अजमल खान पहिले कुलपती, मौलाना मुहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू. तंबूत वर्ग भरायचे. आज जामियाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिची पहिली इमारत तंबू होती हे फारसं कुणी सांगत नाही.

१९२२ ला झाकीर जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. केली, विषय भारतातल्या शेतीचा. तिथे त्यांना दोन जिवलग दोस्त मिळाले, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. बर्लिनमध्येच त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला, सुबक, खिशात मावेल असा. छापखान्यात स्वतः खिळे जुळवायला बसले, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. परदेशात शिकायला गेलेला माणूस मोकळ्या वेळात काय करतो, यावरून त्याची ओळख पटते म्हणतात. हा माणूस गालिब छापत होता.

इकडे १९२४ ला खिलाफतच संपली, चंदा आटला, आणि जामिया बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या. ही बातमी बर्लिनला पोहोचली. तिघा दोस्तांनी कळवलं की आम्ही आमची आयुष्यं जामियाला द्यायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत ती बंद करू नका. हकीम साहेबांनी शाळा अलीगढहून उचलून दिल्लीला करोल बागेत आणली आणि कशीबशी चालू ठेवली. फेब्रुवारी १९२६ मध्ये तिघं परतले. झाकीर हुसेन जामियाचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. वय २९.

इथून पुढची बावीस वर्षं आम्हाला त्यांच्या आयुष्याचा गाभा वाटतात. राष्ट्रपतिपदाचा काळ दोन वर्षांचासुद्धा नाही, आणि लोक तेवढाच लक्षात ठेवतात.

१९२७ च्या डिसेंबरात हकीम अजमल खान वारले. ते होते तोवर स्वतःच्या खिशातून खर्च भागवायचे. आता तोही आधार गेला. तेव्हा झाकीर साहेब आणि काही उस्तादांनी एक अंजुमन स्थापन केली आणि सही करून शपथ घेतली की वीस वर्षं जामियाची सेवा करू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. दीडशे ही फक्त वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात हातात त्याहून बरंच कमी पडायचं आणि तेही महिनोन् महिने थकायचं. जर्मनीचे डॉक्टरेट असलेले हे लोक. बाहेर कुठेही गेले असते तरी दुप्पट-तिप्पट मिळाले असते.

पैसा कसा उभा केला, हे आपल्या समाजातल्या संस्थाचालकांनी जरूर वाचावं. एखाद्या नवाबाच्या दारात बसून राहण्यापेक्षा त्यांनी हमदर्दान-ए-जामिया नावाची योजना केली. शफीकुर्रहमान किदवाई यांनी त्यासाठी पायपीट केली. सामान्य माणसांकडून लहान लहान रकमा, नियमित. थोडं देणारा माणूस हिशोब विचारतो, शाळेत येऊन बघतो, आपली समजतो. आमच्याकडे जलशात एकदम मोठी देणगी जाहीर होते, फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी शाळेचं पत्र्याचं छप्पर तसंच गळत राहतं. असो.

शाळा कशी होती? पोरं स्वतःचं दुकान चालवायची, स्वतःची बँक चालवायची, हिशोब तिथे शिकायची. जर्मनीतली एक ज्यू मैत्रीण, गेर्डा फिलिप्सबॉर्न, १९३० च्या दशकात सगळं मागे सोडून जामियात आली आणि छोट्यांचा वर्ग सांभाळू लागली. मुलं तिला आपाजान म्हणायची. १९४३ मध्ये ती तिथेच वारली आणि जामियाच्या कब्रस्तानात दफन झाली. १ मार्च १९३५ ला ओखल्याच्या माळावर नव्या इमारतीचा पाया घालायचा होता. मोठमोठे नेते हजर असताना पाया घातला गेला तो शाळेतल्या सगळ्यांत लहान विद्यार्थ्याच्या हातून. आमच्या ओळखीत कुठल्याही शाळेच्या कोनशिलेवर असं नाव आम्ही पाहिलेलं नाही.

झाकीर साहेबांच्या दोन गोष्टी जामियात पिढ्यान् पिढ्या सांगतात. पहिली बुटांची. पोरं मळके बूट घालून येतात, सांगून ऐकत नाहीत. एक दिवस कुलगुरू स्वतः फाटकाशी ब्रश आणि पॉलिश घेऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाचे बूट चमकवू लागले. पुढे कुणाला सांगावं लागलं नाही. दुसरी गोष्ट सांगताना आमचा आवाज बसतो. मदरशाच्या लहान मुलांचा निकाल होता आणि झाकीर साहेब मिठाई वाटत होते. कुणी तरी येऊन कानात सांगितलं की धाकटी मुलगी रेहाना गेली. तीन वर्षांची होती, घरी आजारी होती. त्यांनी हात थांबवला नाही, शेवटच्या मुलापर्यंत मिठाई वाटली, मग घरी गेले. मुलांच्या खुशीत खंड नको म्हणून. बेगम साहिबांनी नंतर सांगितलं म्हणतात की कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असायची. त्यांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, त्या याच मुलीच्या नावाने, रुकय्या रेहाना म्हणून, छापल्या. अब्बू खाँ की बकरी ही त्यातली गोष्ट. आपल्यातल्या उर्दू माध्यमाच्या कितीतरी जणांनी वाचली असेल आणि ती लिहिणारा राष्ट्रपती झाला हे माहीत नसेल.

आता वर्धा. इथे ही गोष्ट आपल्या विदर्भात येते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. काँग्रेसची प्रांतिक सरकारं नुकतीच आली होती, त्यांचे शिक्षणमंत्री हजर होते. गांधीजींचं म्हणणं होतं की शिक्षण हातांच्या कामातून द्यावं आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा. भरल्या सभेत झाकीर साहेब उठले आणि स्पष्ट बोलले. कामातून शिकणं योग्यच, पण ही कल्पना काही अगदी नवी नाही, आणि खर्च काढायच्या नादात मास्तर लोक मुलांकडून मजुरासारखं काम करून घेतील, हा धोका आहे, असा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींसमोर असं बोलणं सोपं नव्हतं. गांधीजींनी काय केलं? योजना तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, के. जी. सय्यदैन, जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला ही मंडळी होती. डिसेंबरात अहवाल आला: सात ते चौदा वयाच्या मुलांना सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने ते स्वीकारलं, हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, अध्यक्ष झाकीर साहेब, आणि काम सेवाग्रामला सुरू झालं.

मातृभाषेतून, हा शब्द आज आम्हाला बोचतो. आमच्या भागात उर्दू शाळांचा पट वर्षागणिक उतरतोय. पालकांना इंग्रजी पाहिजे, त्यांचंही चुकत नाही. आम्ही स्वतः मराठीत लिहितो, उर्दूत शिकवतो आणि घरातल्या पोराला सेमी-इंग्लिशला घातलंय. कुणाला काय सांगणार?

या योजनेपायी झाकीर साहेबांना आपल्याच लोकांचे बोल खावे लागले. मुस्लिम लीगने कडाडून टीका केली, मुख्य तक्रार ही की यात दीनी तालीमला जागा नाही. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. इथे त्याच काळात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली, तर मुसलमानांनी त्या नावालाच हरकत घेतली. दोन्ही योजना लोकांच्या मनात एकच झाल्या आणि राग झाकीर साहेबांवर निघाला. तक्रारीत तथ्य अजिबात नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. धार्मिक शिक्षणाचा प्रश्न खरा होता. पण ज्याने आयुष्यभर एक इस्लामी नावाची संस्था उपाशी राहून चालवली, त्याला दीनचा दुश्मन ठरवणं हा अन्याय होता.

१९४६ मध्ये हंगामी सरकारसाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा जिनांनी कडवा विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जामियाचा रौप्य महोत्सव आला. देशभर दंगली पेटलेल्या. झाकीर साहेबांनी एकाच मंचावर एका बाजूला नेहरू, मौलाना आझाद, राजगोपालाचारी आणि दुसऱ्या बाजूला जिना, लियाकत अली खान यांना बसवलं. त्या दिवसांत हे दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं. आणि पाहुण्यांची स्तुती करण्याऐवजी त्यांना तोंडावर सांगितलं की देशात आग लागली आहे, ती कुणी लावली याचा हिशोब नंतर करा, आधी विझवा. विझली नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते तब्येतीसाठी काश्मीरला निघाले. जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना गाडीतून उतरवलं, बाजूला नेलं, जीव जाणार हे नक्की होतं. तिथल्या एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांना ओळखलं आणि एका शीख लष्करी अधिकाऱ्याने मध्ये पडून सोडवलं. ते दिल्लीला परतले आणि बदल्याची भाषा न करता निर्वासितांच्या छावण्यांच्या कामाला लागले. करोल बागेतलं मकतबा जामियाचं दुकान, वीस वर्षांची पुस्तकं, जळून गेलं होतं.

हा प्रसंग पोरांना सांगावा की नाही, यावर आम्हा शिक्षकांत बराच वाद झाला. कारण नंतर सांगतो.

फाळणीत घरही फाटलं. धाकटे भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले, तिथे मंत्री झाले, ढाका आणि कराची विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे भाऊ युसूफ हुसेन, इतिहासकार, इथेच राहिले. १९४८ च्या अखेरीस झाकीर साहेबांना अलीगढचं कुलगुरूपद घ्यावं लागलं. ज्या कॉलेजातून अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, तिथेच. अलीगढवर तेव्हा सगळ्या देशाचा संशय, विद्यार्थी आणि प्रोफेसर निम्मे निघून गेलेले, उरलेले घाबरलेले. १९५६ पर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सांभाळलं. आज अलीगढ आहे, यात त्या आठ वर्षांचा वाटा मोठा.

मग पदं येत गेली, ती थोडक्यात सांगतो. १९५४ पद्मविभूषण, १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ ला उपराष्ट्रपती, १९६३ ला भारतरत्न. मध्येच १९५८ च्या व्याख्यानांत त्यांनी बुनियादी शिक्षणाच्या नावाने देशात जे चाललंय ती फसवणूक आहे असं जाहीर सांगून टाकलं. स्वतःच्याच योजनेबद्दल, राज्यपाल असताना! आमच्या बी.एड.च्या पुस्तकात हे नव्हतं.

१९६७ च्या निवडणुकीत विरोधकांनी माजी सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांना उभं केलं होतं. मुसलमान राष्ट्रपती देशाला चालेल का, अशी कुजबुज होती. मतमोजणीत झाकीर साहेबांना ४,७१,२४४ आणि सुब्बा राव यांना ३,६३,९७१ मतमूल्य मिळालं. १३ मे १९६७ ला शपथविधी झाला.

आमच्या पालक सभेत एका चाचांनी नेमका हाच प्रश्न केला, की राष्ट्रपती झाले, मान्य, पण समाजाला काय मिळालं? टाळता येणारा प्रश्न नाही. १९५४ साली झाकीर साहेबांनीच उत्तर प्रदेशात उर्दूला हक्क मिळावा म्हणून वीस लाखांहून जास्त सह्यांचं निवेदन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांना नेऊन दिलं होतं. तेव्हा काही झालं नाही. तेरा वर्षांनी ते स्वतः त्याच खुर्चीवर बसले, तेव्हाही काही झालं नाही. उत्तर प्रदेशात उर्दू दुसरी राजभाषा झाली १९८९ मध्ये, ते जाऊन वीस वर्षं झाल्यावर. राष्ट्रपतीच्या हातात किती असतं हे नागरिकशास्त्रात आपण शिकवतोच, तरी त्यांनी आणखी बोलायला हवं होतं असं मानणारे तेव्हाही होते. आम्ही चाचांना एवढंच म्हटलं की समाजाला त्यांनी जे दिलं ते राष्ट्रपती होण्याच्या आधी दिलं, एक शाळा जगवून आणि दुसरं विद्यापीठ वाचवून. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. चहा मात्र पिऊन गेले.

राष्ट्रपती भवनात त्यांचा जीव गुलाबांत रमायचा. दगड, जीवाश्म गोळा करायचाही नाद होता. चंदीगडचा मोठा गुलाब बाग आजही त्यांच्या नावाने आहे. ३ मे १९६९ च्या सकाळी डॉक्टर तपासायला आले होते. झाकीर साहेब न्हाणीघरात गेले आणि बाहेर आलेच नाहीत. पदावर असताना वारलेले ते देशाचे पहिले राष्ट्रपती. दफन जामियातच झालं, मशिदीजवळ. वर हबीब रहमान या वास्तुरचनाकाराने बांधलेली साधी, मोकळी वास्तू आहे. जामियाचा आवार म्हणजेच त्यांचं घर, असं आम्ही आता त्या आठवीतल्या मुलीला सांगितलंय.

तर सहलीचा बेत असा. दोन टप्पे करतोय. पहिला दिवाळीच्या सुट्टीआधी, वर्धा. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट वर्ध्याला जाते, तिथून सेवाग्राम आठेक किलोमीटर. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी, सगळं मातीचं, जसं होतं तसं जपलेलं. तालीमी संघाचं काम जिथे चाललं ते आवारही तिथेच. हा खर्च बहुतेक पालकांना झेपतो.

दुसरा टप्पा दिल्ली, पुढच्या फेब्रुवारीत. छत्तीसगड एक्स्प्रेस गोंदियाहून नागपूर मार्गे दिल्लीला जाते, हजरत निजामुद्दीन स्टेशनला उतरलं की जामिया जवळ आहे. राष्ट्रपती भवन बघण्यासाठी संकेतस्थळावर आधी वेळ आरक्षित करावी लागते, सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रं लागतात, म्हणून पोरांच्या आधार कार्डांतल्या स्पेलिंगच्या चुका आत्ताच दुरुस्त करून घ्या. आमच्या वर्गात अर्ध्या कार्डांवर शाळेपेक्षा वेगळं नाव आहे. तिथली बाग, जिला आता अमृत उद्यान म्हणतात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी उघडते, सोमवारी बंद असते. म्हणून फेब्रुवारी. रेल्वेची विद्यार्थी सवलत मिळते, पण मुख्याध्यापकांच्या पत्रासह अर्ज वेळेत गेला पाहिजे. तारखा आणि शुल्क बदलतं, निघण्याआधी खात्री करावी.

अडचण पैशाची आहेच, पण मोठी अडचण वेगळी निघाली. एका अम्मीने सभेत विचारलं की मुली स्कार्फ घालून रात्रीच्या गाडीत बसतील, डब्यात कुणी काही बोललं तर? सभेत एकदम शांतता झाली. कारण प्रत्येकाने मोबाईलवर काही ना काही पाहिलेलं आहे. म्हणूनच जालंधरचा प्रसंग पोरांना सांगायचा की नाही, हा वाद. काही शिक्षकांचं मत होतं की पोरं अजून घाबरतील. आम्ही सांगितला. गाडीतून उतरवणारे सांगितले आणि सोडवणारे दोघंही सांगितले. पोरांनी आधी विचारलं की ते दोघं नंतर झाकीर साहेबांना भेटले का. अम्मीला मात्र आम्ही खात्री दिली नाही, देऊ शकत नव्हतो. एवढंच सांगितलं की दोन शिक्षिका मुलींच्याच डब्यात झोपतील, आरक्षण एकाच डब्यात घेऊ, आणि त्यांना यायचं असेल तर एक जागा त्यांच्यासाठी ठेवू.

वर्ध्यासाठी बत्तीस संमतीपत्रं आली आहेत. दिल्लीसाठी अकरा. आठवीतल्या त्या मुलीचे अब्बा गॅरेजवर काम करतात, त्यांनी वर्ध्याच्या कागदावर सही केलीय, दिल्लीचा कागद अजून घरीच ठेवलाय. ती रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारते की शेवटची तारीख कधी आहे. आम्ही ती दोनदा पुढे ढकललीय.